१२ हजार नाणी तोलणारा गणिती

खिशात पाच रुपयांचं नाणं असेल तर बाहेर काढा. (यूपीआयच्या जमान्यात नसेलच, तर आईच्या पर्समधून घ्या.) त्यावर किंमत आहे, राजमुद्रा आहे आणि कोणत्या साली पाडलं तेही आहे. आता समजा, हे सगळं पुसून टाकलं आणि अशी हजार नाणी तुमच्यापुढे ओतली. यातलं जुनं कोणतं, नवं कोणतं, कसं सांगणार?

भारतातल्या सगळ्यात जुन्या नाण्यांची अडचण नेमकी हीच होती. त्यांना आहत नाणी म्हणतात. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजन नीट जुळावं म्हणून कोपरे छाटायचे आणि त्यावर सूर्य, डोंगर, झाड, प्राणी अशा चिन्हांचे ठसे मारायचे. काम संपलं. राजाचं नाव नाही, साल नाही, एक अक्षरही नाही. तज्ज्ञ मंडळी या चिन्हांचे अर्थ लावत बसली होती. पुण्यातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाने वेगळाच मार्ग धरला. त्याने तराजू काढला आणि नाणी तोलायला सुरुवात केली. एकेक करून, सुमारे १२ हजार!

हे प्राध्यापक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गणितात त्यांचं नाव आहे, संख्याशास्त्रात आहे, जनुकशास्त्रात आहे, संस्कृतच्या अभ्यासात आहे आणि भारताच्या प्राचीन इतिहासात तर आहेच. आज आपण मेजर कोणता आणि मायनर कोणता यावर कॅन्टीनमध्ये तासन्‌तास डोकं लावतो. या माणसाने तो हिशेब कधी केलाच नाही. त्याचा फायदा त्यांना झाला आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

गोवा ते हार्वर्ड

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात त्यांचा जन्म झाला. घरात सगळे त्यांना बाबा म्हणायचे. वडील धर्मानंद हे स्वतःच एका कादंबरीचा विषय व्हावेत असे. बुद्धाच्या ओढीने त्यांनी घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास, बराचसा उपाशीतापाशी, करत ते पाली भाषेचे मोठे पंडित झाले. फर्ग्युसन कॉलेजमध्ये त्यांनी पाली शिकवली. एका बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेतून, हार्वर्डहून बोलावणं आलं. १९१८ साली ते पुन्हा तिकडे निघाले, तेव्हा मोठी मुलगी माणिक आणि ११ वर्षांचा बाबा यांना त्यांनी बरोबर नेलं. आई, बाळाबाई, इकडेच राहिल्या.

बाबाचं शाळेचं शिक्षण अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये झालं आणि कॉलेज हार्वर्डमध्ये. तिथे त्याने गणित घेतलं, पण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषाही शिकून घेतल्या. पुढे सायबरनेटिक्सचा जनक म्हणून जगप्रसिद्ध झालेला नॉर्बर्ट वीनर त्याचा मित्र होता. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळाली. पण त्याच वर्षी अमेरिकेत शेअर बाजार कोसळला आणि मंदी सुरू झाली. कोसंबी भारतात परतले आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवू लागले.

नसलेल्या माणसाचा सिद्धांत

बनारसहून ते अलीगढला गेले. तिथे त्यांना बोलावणारे आंद्रे वेल हे त्यांच्याहून फक्त एका वर्षाने मोठे असलेले फ्रेंच गणिती. पुढे ते विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या गणितज्ञांपैकी एक झाले. या दोघांनी मिळून केलेला एक उद्योग आजच्या भाषेत ट्रोलिंगच म्हणावा लागेल. एका सहकाऱ्याची फिरकी घेण्यासाठी कोसंबींनी १९३१ मध्ये एक शोधनिबंध छापला. त्यात एका सिद्धांताचं श्रेय बोरबाकी नावाच्या रशियन गणितज्ञाला दिलं होतं. असा कोणी गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता! पुढे वेल आणि त्यांच्या फ्रान्समधल्या मित्रांनी सगळं गणित नव्याने लिहून काढायचं ठरवलं, तेव्हा या गटाने हेच नाव घेतलं. बोरबाकी हे नाव आज गणिताचे विद्यार्थी जगभर ओळखतात. गणिताच्या एखाद्या शोधनिबंधात ते पहिल्यांदा छापून आलं, ते भारतात आणि कोसंबींच्या हातून.

१९३३ पासून पुढची सुमारे १२ वर्षं कोसंबी पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन पारितोषिक मिळालं. १९४३ मध्ये त्यांनी यादृच्छिक प्रक्रियांवर एक निबंध भारतातल्या नियतकालिकात छापला. गोंधळाच्या दिसणाऱ्या माहितीतून मोजके महत्त्वाचे घटक कसे वेगळे काढायचे, याचं ते गणित होतं. महायुद्ध चालू होतं, निबंध फारसा कोणी वाचला नाही. पुढच्या पाच वर्षांत कारुनेन आणि लोव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे तीच गोष्ट मांडली आणि पद्धतीला त्यांचं नाव लागलं. चेहरा ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संगणकीय पद्धतींच्या मुळाशी हेच गणित होतं. आता काही अभ्यासक त्या नावात कोसंबी आवर्जून जोडतात. १९४४ मध्ये जनुकशास्त्रात त्यांनी दिलेलं सूत्र मात्र त्यांच्याच नावाने चालतं. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत, हे काढायचं ते सूत्र. पिकांच्या नव्या जाती तयार करणारे शास्त्रज्ञ जनुकांचे नकाशे बनवताना आजही ते वापरतात.

आधी परीक्षा, मग नाणी

मग नाणी कुठून आली? संख्याशास्त्र शिकायचं तर हाताशी खरी माहिती हवी, म्हणून. कोसंबींनी सराव म्हणून आधी विद्यार्थ्यांच्या परीक्षेतले गुण घेतले. हिशेबातून निघालं असं, की कॉलेजातली सोप्यातली सोपी परीक्षासुद्धा शिकवण्याच्या दर्जाशी जुळत नाही. (हे वाचून कोणाकोणाला बरं वाटलं, हात वर करा.) दुसरा प्रश्न त्यांनी घेतला तो आहत नाण्यांचा.

विचार अगदी साधा आहे. टांकसाळीतून निघताना नाण्याचं वजन ठरलेलं असतं. मग ते हातोहाती फिरतं, थैलीत घासतं, दर व्यवहारात कणभर झिजतं. म्हणजे ते जितका काळ चलनात फिरलं, तितकं हलकं. अडचण एवढीच, की एकट्या नाण्यावर भरवसा ठेवता येत नाही. एखादं नाणं वर्षानुवर्षं कोणाच्या मडक्यात पडून राहतं, दुसरं रोज बाजारात जातं. पण शेकडो नाण्यांची सरासरी काढली की हे अपवाद एकमेकांना खाऊन टाकतात आणि झीज नियमाने होताना दिसते. नियम खरा आहे का, हे तपासायला कोसंबींनी आपल्या काळातली चालू नाणीही तोलली. त्यांच्यावर साल छापलेलं असल्यामुळे उत्तर आधीच माहीत होतं. वय वाढत गेलं तशी सरासरी उतरत गेली.

मग त्यांनी मोर्चा वळवला तक्षशिलेत सापडलेल्या नाण्यांकडे. तक्षशिला आज पाकिस्तानात आहे. तिथल्या उत्खननात नाण्यांचे मोठे साठे मिळाले होते. त्यातल्या एका साठ्यात सिकंदराच्या नाण्यांची सोबत होती, त्यामुळे तो साधारण कधी पुरला गेला हे कळत होतं. या आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक ठसे असतात. कोसंबींच्या हिशेबात दिसलं, की मागचे ठसे वाढत जातात तसं सरासरी वजन कमी होत जातं. म्हणजे हे ठसे नाणं पाडताना मारलेले नव्हते. नाणं वेळोवेळी तपासून, हे चालेल अशी खूण व्यापारी करत असले पाहिजेत. एका नाण्यात दोन घड्याळं निघाली: एक वजनाचं, एक ठशांचं. आणि दोन्ही एकच वेळ दाखवत होती!

पुढच्या काळातल्या साठ्यात चांदीत तांब्याची भेसळ खूप वाढलेली दिसते. त्यावरून मौर्य साम्राज्याची तिजोरी तेव्हा ताणाखाली होती, असा तर्क त्यांनी केला. ज्या काळाबद्दल लिहून ठेवणारं फारसं कोणी नाही, त्याचं अर्थकारण असं तराजूवर आलं. त्यांचे काही निष्कर्ष पुढच्या नाणेतज्ज्ञांनी खोडले, काही सुधारले. पण नाणं ही आकडेवारी असू शकते, ही गोष्ट कोणाला नाकारता आली नाही.

पायाखालचा पुरावा

एका प्रश्नाने दुसरा आणला. नाणी पाडणारे राजे कोण? ते शोधायचं तर जुने ग्रंथ वाचायला हवेत, म्हणजे संस्कृत नीट हवं. संस्कृत पक्कं करायचं तर एखादा ग्रंथ मुळापासून हाताळायला हवा. म्हणून हा गणिताचा माणूस भर्तृहरीच्या शतकांकडे वळला. देशभरातली शेकडो हस्तलिखितं त्याने ताडून पाहिली आणि कोणते श्लोक मूळचे, कोणते मागून घुसलेले, याचा छडा लावला. १९४८ मध्ये ती चिकित्सक आवृत्ती निघाली. १९५७ मध्ये वि. वि. गोखले यांच्यासोबत त्यांनी संपादित केलेला ‘सुभाषितरत्नकोश’ हार्वर्डच्या ग्रंथमालेत छापला गेला.

पण ग्रंथ कोणी लिहिले? ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी. मग ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांचा इतिहास कुठे शोधायचा? कोसंबींचं उत्तर होतं, बाहेर पडून. पुण्यात भांडारकर रस्त्याजवळ त्यांचं घर होतं. तिथून निघून ते लॉ कॉलेजच्या टेकडीवर, वेताळ टेकडीवर आणि पुढे मावळात, जुन्नरकडे पायी हिंडू लागले. टेकड्यांवर त्यांना गारगोटीसारख्या दगडांची बोटभर लांबीची, धारदार हत्यारं सापडली. अश्मयुगातल्या माणसाने घडवलेली. आपण जिथे संध्याकाळी रील काढायला जातो, त्याच टेकड्या!

मग त्यांच्या लक्षात एक गंमत आली. ही हत्यारं जिथे सापडतात, त्या वाटा धनगरांना चांगल्या ठाऊक होत्या. पावसाळा संपला की धनगर मेंढरं घेऊन निघतात, चराई शोधत फिरतात, शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवतात आणि त्या खताच्या बदल्यात धान्य घेतात. त्यांच्या मुक्कामाच्या जागा, गावाबाहेरची शेंदूर फासलेली दैवतं, तिठ्यावरच्या देवी हे सगळं एका नकाशावर मांडलं, तर फार जुन्या काळच्या वाटा डोळ्यांसमोर येतात, असं कोसंबींनी दाखवलं. शेंदूर फासलेल्या ज्या दगडापुढून आपण नुसता हात जोडून पुढे जातो, तो त्यांच्या दृष्टीने कागदपत्र होता.

लेण्यांचंही तसंच. कार्ले आणि भाजे बोरघाटाजवळ का? जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या वाटेवर का? भिक्खूंना ध्यानासाठी एकांतच हवा असता, तर सह्याद्रीत जागांना काय तोटा? ही लेणी कोकणातली बंदरं आणि घाटमाथा यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गांवर आहेत. कार्ल्याच्या खांबांवर तर दान देणाऱ्यांची नावंच कोरलेली आहेत, त्यात यवनही आहेत. हे मठ व्यापारी तांड्यांचे आश्रयस्थान होते, गिऱ्हाईक होते आणि काही प्रमाणात त्यांच्या भांडवलाचा आधारही होते, असं कोसंबींनी मांडलं. कार्ल्याच्याच शिलालेखात त्या भागाचं नाव मामाळ असं येतं. तेच आजचं मावळ. आणि तिथल्या पाण्याच्या जागांजवळ आजही मावळाई नावाच्या देवीला लोक मानतात. दोन हजार वर्षं झाली, राज्यं आली-गेली, नाव तेवढं लोकांच्या तोंडी टिकलं.

या सगळ्यातून १९५६ मध्ये त्यांचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं मोठं पुस्तक आलं. राजांच्या वंशावळी आणि लढाया यांच्याऐवजी त्यात नांगर, जमीन, लोखंड, जात आणि वाटा होत्या. कोसंबी मार्क्सवादी होते, पण पुस्तकातलं सूत्र इथल्या मातीवर जसंच्या तसं चिकटवणाऱ्यांशीही त्यांनी भांडण केलं. सगळ्यांना ते पटले असं नाही, आजही पटत नाहीत. पण त्यानंतर भारताचा प्राचीन इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही त्यांना वळसा घालून जाता आलं नाही.

डेक्कन क्वीन, अणू आणि सूर्य

या सगळ्या काळात पगाराची नोकरी गणिताचीच होती. होमी भाभा यांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं होतं. कोसंबी राहायचे पुण्यात. सकाळी डेक्कन क्वीन, संध्याकाळी परत. सीझन पासवाल्यांना हे जगणं वेगळं सांगायला नको. १९४८-४९ मध्ये ते युनेस्कोच्या फेलोशिपवर इंग्लंड-अमेरिकेत गणकयंत्रं अभ्यासायला गेले आणि प्रिन्स्टनमध्ये आइन्स्टाइन यांना भेटले.

भाभांशी सुरुवातीला चांगलं जमलं. मग वाट वेगळी झाली. देशाला अणुऊर्जेचं वेड लागलेलं होतं. १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, तिच्या मागे भाभाच होते. आणि त्यांच्याच संस्थेतला हा प्राध्यापक जाहीरपणे विचारत होता, की इतकं ऊन फुकट मिळणाऱ्या देशाने सौरऊर्जेवर पैसा का लावू नये? कोसंबी जागतिक शांतता चळवळीतही होते आणि अण्वस्त्रांचे कडवे विरोधक होते. आज गच्चीगच्चीवर सौर पॅनल दिसतात. त्या काळी ही मागणी विचित्र वाटत होती आणि ज्यांच्याकडून पगार येतो त्यांच्याविरुद्ध ती करणं, हे तर त्याहून अवघड होतं.

एक मोठी चूक

इथपर्यंत वाचून कोसंबी म्हणजे कायम बरोबर असणारा माणूस असं वाटेल. तसं नाही. १९५९ मध्ये त्यांनी गणितातल्या सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एकाला, रीमान गृहीतकाला हात घातला. मूळ संख्या कशा विखुरलेल्या असतात, याच्याशी निगडित असलेलं हे कोडं आजही सुटलेलं नाही. कोसंबींनी संभाव्यतेच्या पद्धतीने ते सोडवल्याचा दावा केला आणि निबंध छापला कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात. सिद्धता चुकीची होती. गणितज्ञांनी ती मान्य केली नाही आणि त्यांची प्रतिष्ठा खालावली. तरी त्यांनी तो नाद सोडला नाही. पुढे एस. ड्युक्रे या टोपणनावानेही ते मूळ संख्यांवर लिहीत राहिले.

आपल्या पद्धतीवर विश्वास ठेवून परक्या प्रांतात घुसायचं, तिथले जाणकार काय म्हणतील याची पर्वा करायची नाही, हा स्वभाव एकच होता. त्याने नाण्यांच्या बाबतीत त्यांना घवघवीत यश दिलं आणि रीमानच्या बाबतीत तोंडघशी पाडलं. फरक असा, की नाणी तराजूत घालता येत होती. उत्तर चुकलं असतं तर तराजूनेच सांगितलं असतं. मूळ संख्यांच्या बाबतीत असा तराजू नव्हता. तिथे इतर गणितज्ञांची तपासणी हाच काटा होता आणि तो त्यांनी मानला नाही.

१९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या नोकरीचा करार पुढे वाढवला नाही. वय ५४-५५. पुण्याची रपेट आणि लिखाण चालूच राहिलं. १९६४ मध्ये सीएसआयआरने त्यांना मानद शास्त्रज्ञपद दिलं आणि ते पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीशी जोडले गेले. १९६५ मध्ये प्राचीन भारताची संस्कृती आणि सभ्यता सांगणारं त्यांचं पुस्तक लंडनहून निघालं. त्यानंतर वर्षभराने, २९ जून १९६६ रोजी, झोपेतच त्यांचं निधन झालं. वय वर्षं ५८. २००८ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

करून बघा

कोसंबींचा प्रयोग करायला लॅबची परवानगी लागत नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांकडून सुट्ट्या पैशांची थैली मागून घ्या. एकाच किमतीची, एकाच आकाराची आणि एकाच धातूची नाणी निवडा, कारण सरकारने मधूनमधून नाण्यांचा धातू आणि वजन बदललेलं आहे. सालानुसार ढीग लावा. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा सोनाराचा काटा मिळवा. पाच-दहा नाण्यांवर काही दिसणार नाही. स्टील चांदीपेक्षा कडक, ते फार हळू झिजतं. शंभर-दोनशे नाणी तोला, प्रत्येक ढिगाची सरासरी काढा, आलेख मांडा.

रेष खाली उतरली तर तुम्ही वेळ तोलली. नाही उतरली, तर का नाही उतरली ते शोधा. आणि नाणी काकांना मोजून परत करा.